पाणबुड्यांचे कान

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर कितीतरी तरुण मुलं पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवून पोट भरतात. मुंबई हायच्या तेलविहिरींवर आणि बंदरांत पाण्याखाली राबणारे पाणबुडे आणखी वेगळे. या सगळ्यांच्या कानांविषयी मला आज बोलायचं आहे.

पाण्यात १० मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि कानाच्या पडद्याआडची हवा आकसून निम्मी होऊ पाहते. सर्वांत मोठा फरक पडतो तो या पहिल्या टप्प्यातच. उथळ पाण्यात कानाला धोका नाही, हा समज साफ खोटा आहे. घशाकडून कानात जाणाऱ्या बारीक नळीतून हवा आत शिरली, तरच पडदा सावरतो. त्यासाठी नाक चिमटीत धरून हलकेच फुंकतात. कान दुखायला लागण्याआधीच.

सर्दीत ही नळी सुजलेली असते. कान मोकळा होत नाही, आणि वर बोटीत पर्यटक खोळंबलेले. मग पोरगा जीव खाऊन फुंकतो. अशात पडदा फाटला, तर तो बहुधा काही आठवड्यांत भरून येतो. पण त्या जोराने आतल्या कानाचा पापुद्रा फाटला, तर भोवळ येते, कानात शिट्टी वाजू लागते आणि ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. अशा वेळी ‘दडे बसलेत, सुटतील’ म्हणत थांबू नका. कानात तेल तर मुळीच घालू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा आणि बुडी मारली होती, हे आवर्जून सांगा.

खोल पाण्यातल्या कामगारांना आवाजाचाही जाच असतो. हेल्मेटमध्ये सतत सुसाटणारी हवा, हातात दणदणणारी यंत्रं. शिवाय पाण्याखाली आवाज कवटीच्या हाडांतूनही आत पोहोचतो. हा बहिरेपणा हळूहळू येतो. आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात, आणि माणूस समोरच्यालाच ‘नीट बोल’ म्हणून दटावतो. म्हणून कामाला लागतानाच श्रवणचाचणी करून तिचा आलेख जपून ठेवावा आणि दरवर्षीचा नवा आलेख त्याच्याशी ताडून पाहावा.

शेवटची विनंती बोटमालकांना आणि ठेकेदारांना. सर्दी झालेला मुलगा पाण्यात उतरतो, तो दिवसाचा रोज बुडेल या धास्तीने. त्या दिवशी त्याला बोटीवरचं काम द्या, आणि रोज पूर्ण द्या.