फेस्ताचे दिवस आणि शेतीचे वर्ग
(नभोवाणी भाषण)

मृग नक्षत्र लागले की गोव्याच्या खेड्यापाड्यांत दोन तऱ्हेची आमंत्रणे येऊ लागतात. एक उत्सवाचे, दुसरे शेतकीच्या वर्गाचे. पहिल्या आमंत्रणाची तारीख घरातील वडीलधारी मंडळी भिंतीवरील दिनदर्शिकेत खूण करून ठेवतात. दुसरे आमंत्रण पंचायतीच्या फळ्यावर लागते आणि बहुधा तेथेच पावसाने भिजून जाते. येत्या पावसाळ्यातील या दोन्ही आमंत्रणांविषयी आज चार शब्द आपल्यापुढे मांडावयाचे आहेत. कारण माझ्या मते ती दोन नसून एकाच आमंत्रणाचे दोन भाग आहेत.

प्रथम उत्सवांचा क्रम पाहू. 24 जूनला सांजाव येतो. तरुण मंडळी डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून विहिरींत उड्या घेतात. विहिरीला पाणी आले की नाही, याची गावाने घेतलेली ती पहिली झडतीच म्हणा ना! आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेल येथे देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो. तेथे लहानथोर एकाच चिखलात लोळतात. जुलैच्या अखेरीस तिसवाडीतील तळावली येथे सांत आनाचे फेस्त भरते. भाविक तेथे तवशी अर्पण करतात, म्हणून लोक त्याला तवशांचे फेस्त म्हणतात. त्यानंतर येते कणसांचे फेस्त. राय गावी ते 5 ऑगस्टला होते, ताळगावी 21 ऑगस्टला. पुढे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम असते.

या यादीकडे जरा बारकाईने पाहावे. विहिरीचे पाणी, शेतातील चिखल, परसातील तवसे आणि मळ्यातील कणीस! या सर्व उत्सवांना शेतानेच सामग्री पुरविली आहे. आमच्या कणसांच्या फेस्ताला पाद्री मिरवणुकीने मळ्यात जातात, पिकाला आशीर्वाद देतात आणि विळ्याने पहिली कणसे कापतात. ती कणसे आम्ही घरी आणून अल्ताराशी ठेवतो. शेजारच्या हिंदू घरी नव्याच्या दिवशी तशीच कणसे आणून पूजतात आणि दाराला बांधतात. मंत्र निराळे, प्रार्थना निराळ्या. पण कणीस एकाच मळ्यातले असते. वर्गातील मुलांना मी हे सांगतो, तेव्हा त्यांना त्यात नवल वाटत नाही. मात्र ‘तुमच्या घरचा मळा यंदा कोणी लावला?’ असे विचारले, की बरीच मुले गप्प बसतात.

श्रोतेहो, चिंतेची गोष्ट ती हीच. फेस्ताला गर्दी वाढते आहे आणि मळे मात्र पडीक राहू लागले आहेत. घरातील तरुण नोकरीनिमित्त शहरात किंवा परदेशी गेला, मजुरी परवडेनाशी झाली, वाटण्या होऊन तुकडे लहान झाले. कारणे सर्वांना ठाऊक आहेत. माझे शेत मी पडीक ठेवले तर त्यात दुसऱ्याचे काय गेले, असे पुष्कळांना वाटते. मरड जमिनीत हा युक्तिवाद एक वेळ चालेल. खाजनात तो मुळीच चालत नाही.

खाजन म्हणजे काय, हे नव्या पिढीसाठी थोडे सांगतो. गोव्यात सुमारे 18,000 हेक्टर जमीन अशी आहे की जी नदीच्या भरतीच्या पातळीखाली येते. आपल्या पूर्वजांनी चिखल, गवताचा पेंढा आणि चिरे यांचे बांध घालून ती खाऱ्या पाण्यापासून राखली. बांधात जागोजागी मानस बसविली. मानस म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरती आली की पाण्याच्या रेट्याने दारे आपोआप मिटतात; ओहोटी लागली की आतले पाणी दारे ढकलून बाहेर जाते. यंत्र नाही, इंधन नाही. तरी शेकडो वर्षे ही दारे नदीशी व्यवहार करीत आली. या सर्वांची देखभाल गांवकारी करीत असे. 1526 साली अफोन्सो मेशिया याने जी सनद लिहून काढली, तिच्यात गांवकारीच्या जुन्या चालीरीती नोंदविल्या आहेत. म्हणजे ही व्यवस्था त्याहून जुनी, पोर्तुगिजांच्या आधीची आहे.

पुढे 1964 साली कूळ कायदा आला. कुळाला संरक्षण मिळाले, ही न्यायाचीच गोष्ट झाली. त्यानंतर बांध आणि मानस राखण्याचे काम कुळांच्या संघटनांकडे सोपविण्यात आले. काही गावांनी ते उत्तम चालविले, काही ठिकाणी ते कागदावरच राहिले. मानशीतील मासळीचा लिलाव होतो, त्यातून पैसा येतो. तो बांधाकडे वळला तर बरे. पण मासळीच्या लोभाने दारे नको तितकी उघडी राहिली, तर खारे पाणी थेट भातात शिरते. खेकड्याने पाडलेले एक भोक वेळीच बुजविले नाही तर त्याचे भगदाड होते, आणि मग एकाचे नव्हे, साऱ्या मळ्याचे पीक जाते. एकदा मीठ मुरले की पावसाच्या पाण्याने ते धुऊन निघेपर्यंत जमीन पीक देत नाही. जो शेत लावीत नाही तो बांधावर फिरकत नाही, आणि जो बांधावर फिरकत नाही त्याला ते भोक दिसत नाही. खाजनातील एक पडीक शेत शेजाऱ्याला असे महागात पडते.

आता शेतकीच्या वर्गांविषयी. जुने गोवे येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. उत्तर आणि दक्षिण गोव्यासाठी कृषी विज्ञान केंद्रे आहेत. देशातील पहिले असे केंद्र 1974 साली पुदुच्चेरीला निघाले, आणि आता ही केंद्रे देशभर पसरली आहेत. शेतकी खात्याची विभागीय कार्यालयेही तालुक्यातालुक्यांत आहेत. पेरणीपूर्वी बियाण्याचे, लावणीच्या वेळी यंत्राचे, कापणीनंतर मातीचे आणि वायंगणाचे असे वर्ग ही मंडळी भरवितात. त्याखेरीज तीन दिवस ध्यानात ठेवावेत: 15 ऑक्टोबर हा महिला किसान दिवस, 5 डिसेंबर हा जागतिक मृदा दिवस आणि 23 डिसेंबर हा किसान दिवस. त्या सुमारास मेळावे भरतात.

‘आम्ही पिढ्यानपिढ्या भात पिकविले, आम्हाला हे काय शिकविणार?’ असा प्रश्न काही वृद्ध विचारतात. त्यांचा मान राखून मी म्हणतो, की तेथे आपलेच ज्ञान पारखून परत मिळते. आपले कोर्गुट भात पाहा. खारे पाणी सोसणारे हे वाण आपल्याच पूर्वजांनी जपले. पण ते उंच वाढते आणि वाऱ्यापावसाने लोळते. जुने गोवे येथील शास्त्रज्ञांनी त्याच कोर्गुटातून निवड करून ‘गोवा धान’ या नावाची वाणे तयार केली. आजोबांचे बियाणे नातवाच्या हाती सुधारून आले, असेच हे झाले.

वर्गात काय शिकवितात, याचा एक सोपा नमुना देतो. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवावे आणि त्यात भाताचे बी ओतून ढवळावे. पोचट बी वर तरंगते. ते काढून टाकावे. तळाशी बसलेले भरीव बी दोन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे आणि सावलीत सुकवावे. खर्च फक्त मुठीभर मिठाचा. पण रोपे जोमदार आणि एकसारखी येतात. दुसरे मातीचे. कापणी झाल्यावर, खत घालण्यापूर्वी, शेतात आठदहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेऊन त्यांच्या कडेची माती खरवडावी, ती एकत्र मिसळावी आणि त्यातील अर्धा किलो तपासणीला द्यावी. खत किती घालावे, हे शेजाऱ्याला विचारून ठरविण्यापेक्षा मातीला विचारून ठरविलेले बरे.

माझी सूचना अशी आहे. उत्सव आणि वर्ग यांची गाठ घालून द्यावी. कणसांच्या फेस्ताची किंवा नव्याची तयारी करण्यासाठी गावची मंडळी जमतातच. त्याच बैठकीत शेतकी अधिकाऱ्यास बोलवावे आणि तासभर बांधावरून फेरी काढावी. कोठे भोक आहे, कोठे दार कुजले आहे, कोणते शेत पडीक आहे, याची यादी शाळेतील मुलांनी वहीत लिहावी. पडीक शेताचा धनी परगावी असेल तर त्याला पत्र घालावे. तो फेस्ताला आला असेल तर समक्ष भेटावे. चतुर्थीला तर मुंबईपुण्याची माणसेही घरी येतात. त्यांच्याशी बोलण्यास याहून चांगला दिवस कोणता?

अधिकारी मंडळींनाही एक विनंती आहे. वर्ग सभागृहात न भरविता बांधावर भरवावा, आणि तो आपल्या बोलीत व्हावा. लावणी आणि बेणणी यांचे बहुतेक काम बायका करतात. म्हणून त्यांना सोयीची वेळ पाहून वर्ग ठेवावा. स्वयंपाकाच्या वेळी बोलावून ‘बायका येत नाहीत’ अशी नोंद करणे बरे नव्हे.

श्रोतेहो, अल्ताराशी ठेवलेले कणीस असो की दाराला बांधलेले, ते आपल्या गावच्या मळ्यातले असावे, अशी आपणा सर्वांची इच्छा आहे. ते विकत किंवा मागून आणण्याची पाळी ज्या गावावर येईल, त्या गावाच्या उत्सवातील प्राणच गेला असे समजावे. म्हणून उद्या पंचायतीवरून जाताना फळ्यापाशी क्षणभर थांबा. वर्गाची तारीख वाचा, घरी जाऊन ती दिनदर्शिकेत फेस्ताच्या तारखेशेजारी लिहा, आणि त्या दिवशी एकटे न जाता शेजाऱ्यालाही सोबत न्या.