पक्षी परत आणायचा, पण सोडायचा कुठे?

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची झाली, तर आपण आधी जागा बघतो. वारा लागतो का, मांजर पोचते का, दाणापाणी जवळ आहे का. जपानमधल्या सादो बेटावर अभ्यासकांनी हेच एका पाणथळीच्या पक्ष्यासाठी केलं. फक्त त्यांच्यापुढे अख्ख्या बेटाचा नकाशा होता.

हा पक्षी तोकी. आपल्याकडच्या शराटीचा भाऊबंद, फिकट गुलाबी पंखांचा, लाल तोंडाचा. शिकारीनं आणि शेतातल्या औषधांनी तो संपत आला. १९८१ मध्ये उरलेले ५ पक्षी पकडून पिंजऱ्यात ठेवले, पण वंश वाढला नाही. २००३ मध्ये तिथली शेवटची मादी मेली. चीननं १९९९ मध्ये दिलेल्या जोडीनं मात्र पिल्लं दिली.

आता सोडायचे कुठे? अशा वेळी नकाशावर चौकोन पाडतात. भातशेती किती, घरट्याला उंच झाडं जवळ आहेत का, यावर प्रत्येक चौकोनाला गुण देतात.

पण नकाशात शेत दिसलं म्हणजे चिखलात मासा असतोच असं नाही. तिथं पीक उभं असताना मध्येच पाणी काढून शेत सुकवतात. तेव्हा बारीक मासे, बेडकांची पिल्लं मरतात, आणि तोकीचं जेवण तेच. म्हणून शेतकऱ्यांनी कडेनं चर खणले. शेत सुकलं तरी चरात मासा तगतो. औषध आणि रासायनिक खत निम्म्यानं कमी केलं, वर्षातून दोनदा शेतातले जीव मोजले, तर तांदळाला तोकीच्या नावाचा शिक्का मिळतो. औषध कमी म्हणजे निंदण जास्त, आणि निंदणाला कोण वाकतं ते आपल्याला सांगायला नको!

२००८ मध्ये १० पक्षी सोडले. २०१२ मध्ये रानात जन्मलेली पिल्लं उडाली.

महाराष्ट्रातले सारस आता मुख्यतः आपल्याच गोंदिया-भंडाऱ्याकडे उरलेत. पावसाळ्यात ते धानाच्या बांधीत घरटं करतात. कोणत्या बोडीत पाणी टिकतं, कुठं फवारा जास्त मारतात, कुठं कुत्री फिरतात, हे नकाशापेक्षा रोवणीला जाणाऱ्या बाईला आधी कळतं. तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीला गावाचा नकाशा जमिनीवर काढू. आपापल्या बांध्या त्यात दाखवायच्या आहेत, सासूबाईंनाही घेऊन या. पूर्वी सारस कुठं बसायचे, ते त्यांनाच ठाऊक.