चुलीपाशी टिकलेली मराठी
(हीरक महोत्सवी पालक-मेळाव्यातील भाषण)



तंजावरला दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८–१८३२) मुदपाकखान्यातील कृती ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने मराठीत लिहिल्या गेल्या. त्यांत मांसाहारी पदार्थही आहेत. महाराष्ट्रापासून इतक्या दूर राजाचा स्वयंपाकही मराठीत होत होता!

आपणही महाराष्ट्राबाहेरच राहतो. ‘आधण’, ‘वाटण’, ‘फोडणी’ हे शब्द शाळा फळ्यावर लिहू शकते. त्यांचा दरवळ मात्र घरीच भेटतो. म्हणून वरणभात असो वा मटणाचा रस्सा, मुलांना शेजारी उभे करून, मराठीत बोलत रांधा. आणि सुकटीचा डबा कोणत्याही मुलाला झाकणाआड लपवावा लागणार नाही, ही जबाबदारी शाळेची.