नदीकाठचा गाळ आणि पुराव्याचं ओझं

पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्ह्यात कोळसा नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेला हा काळ्या पाषाणाचा मुलूख. तरीही कोळशासाठी केलेला एक कायदा इथल्या नद्यांच्या कामाचा आहे. अमेरिकेने १९७७ साली कोळसा खाणींवर कायदा केला आणि पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्यांना खास संरक्षण दिलं. तिथली शेती त्या गाळात मुरलेल्या पाण्यावर चालते. त्या पाण्याला मोठी इजा होणार नाही, हे परवाना मागणाऱ्यानेच सिद्ध करायचं. जमिनीखालच्या खाणीत कोळसा निघाला की छत खचतं, खडकाला भेगा जातात आणि वरचं पाणी खाली उतरतं. म्हणून १९९२ साली आणखी एक तरतूद आली: अशा खाणीमुळे घरगुती वापराची विहीर आटली, तर पर्यायी पाणी खाणवाल्याने द्यायचं. आपल्याकडे नागपूरजवळ भूमिगत खाणींच्या पोकळ्या भरायला कन्हान नदीची वाळू वापरली गेली आहे. म्हणजे खाणीचा भार खालून आणि वरून, दोन्हीकडून नदीवरच.

नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी यांच्या काठी खाण नसली, तरी वाळू, मुरूम आणि माती उचलणारी यंत्रं आहेत. त्यांच्या बाबतीत पुराव्याचं ओझं नेमकं उलट्या खांद्यावर आहे. विहीर आटली तर ती उपशामुळेच आटली, हे गावाने दाखवायचं, आणि आधीची नोंद नसल्यामुळे गावाला ते कधीच दाखवता येत नाही. इथे जातं काय, ते आकड्यांत पाहू. भूजलाचा अंदाज बांधण्यासाठी केंद्रीय समितीने २०१५ साली जे निकष दिले, त्यात झिजलेला, सांधे असलेला बेसाल्ट आपल्या आकारमानाच्या सुमारे २ टक्के पाणी देतो असं धरलं आहे, तर वाळूमिश्रित गाळ १६ टक्के. एक घनमीटर खडकातून २० लिटर, तेवढ्याच गाळातून १६० लिटर. आपल्याकडचा गाळ पातळ, अरुंद आणि बऱ्याच ठिकाणी चिकणमातीचा आहे हे खरं. पण चिकणमातीच्या गाळालाही ६ टक्के धरतात; तोही खडकाच्या तिप्पट. आणि पट्टा अरुंद असल्यामुळेच एखाद्या हंगामाच्या उपशात तो संपू शकतो. नळपाणी योजनेची काठावरची विहीर याच गाळातून भरते. नदीचं पात्र दोन-तीन मीटर खाली गेलं की काठाच्या विहिरीची पातळीही त्याच्यामागे उतरते.

यावर पहिला आक्षेप असा की वाळू दर पुराला परत येते. मोकळ्या नदीत येते. पण भाटघर धरण १९२८ च्या सुमारास वेळवंडीवर उभं राहिलं. पुढे नीरेवर नीरा देवघर झालं, कानंदीवर गुंजवणी धरण झालं. वरून वाहून येणारी भरड वाळू धरणाच्या जलाशयातच बसते. धरणाखालच्या पात्रातून उचललेली वाळू बहुतांशी भांडवलातली असते. तिला व्याज म्हणणं चूक. दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: एवढी धरणं असताना विहिरींची काळजी कशाला? धरणाचं पाणी मुख्यतः खालच्या लाभक्षेत्राला बांधलेलं आहे, कालव्याने ते पूर्वेला जातं. पाणलोटातल्या वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत विहीर आणि झराच लागतो. ज्यांच्या भातखाचरांवर एवढा पाऊस कोसळतो, त्यांनाच उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागावी, हा आपल्या नियोजनाचा विनोद आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. घरं बांधायची तर वाळू हवी, आणि ट्रॅक्टरवाला गावचाच असतो. दगड फोडून केलेली वाळू आता सर्रास मिळते, पण ती डोंगर फोडूनच येते. तो तोटा वेगळा मोजायला हवा. सरसकट बंदी मी मागत नाही. बंदीने उपसा रात्री चालतो, एवढंच. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. राज्याच्या १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास मनाई केली. म्हणजे स्रोताभोवती अंतर राखण्याचं तत्त्व आपल्याला परकं नाही. विहिरीला लावलेली ही कसोटी पात्रातल्या पोकलेनलाही लावावी, आणि तीही पुराव्याचं ओझं बदलून. लिलावाआधी जवळच्या विहिरींची पातळी पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात मोजलेली असावी, मोजणीचा खर्च ठेकेदाराचा आणि नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात. १९७२ पासून काम करणारी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची अशी मोजणी नेहमीच करते. तिने नदीकाठच्या विहिरी त्या यादीत वाढवाव्यात. पात्राचा उभा छेद उपशाच्या आधी आणि नंतर घ्यावा. पातळी घसरली तर घसरण नैसर्गिक होती, हे ठेकेदाराने दाखवावं. न दाखवता आलं, तर त्याची अनामत रक्कम त्या वाडीच्या पाण्यावर खर्च व्हावी.