पावसात ‘थांबा’ म्हणायचं कुणी?



आज आम्ही मोटारींच्या शर्यतीवर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, बचत, कर्जफेड, पापड-लोणची सोडून ह्यांना आज झालंय काय? पण थोडा वेळ ऐका. गोष्ट शर्यतीची असली तरी ती आपल्याच रस्त्यावर येऊन थांबणार आहे.

झालं असं, की आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंच्या मुलीने मोबाईलवर फोटो दाखवला. पुण्याच्या डायना पुंडोले यांचा. दोन मुलांची आई. 2024 साली चेन्नईच्या ट्रॅकवर पुरुषांच्या बरोबरीने गाडी पळवून त्यांनी राष्ट्रीय कार रेसिंगमध्ये सलून गटाचं विजेतेपद मिळवलं. असं विजेतेपद मिळवणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या महिला. सलून म्हणजे केस कापायचं दुकान नव्हे बरं का! आपण रस्त्यावर बघतो तशा बंद चारचाकी गाड्यांचा तो गट असतो.

सगळ्यांनी कौतुकाने फोटो पाहिला. मग एका मावशींनी विचारलं, “एवढ्या जोरात पळवतात, मग पाऊस आला तर काय करतात गं?”

आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. म्हणून आम्ही माहिती काढली. तीच आज सांगतो.

कोरड्या ट्रॅकवर शर्यतीच्या गाडीला गुळगुळीत टायर लावतात. आपल्याकडे टायर गोटा झाला म्हणतो ना, दिसायला तसाच. कोरड्या डांबराला तो घट्ट धरतो. पण पाऊस पडला की टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो आणि गाडी त्या पाण्यावर तरंगायला लागते. तेव्हा स्टिअरिंग वळवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. म्हणून पावसात खोल नक्षीचे टायर लावतात. नक्षीचं काम शोभेचं नाही, पाणी बाजूला फेकण्याचं आहे. फॉर्म्युला वन या सर्वांत मोठ्या शर्यतीतला पावसाळी टायर पूर्ण वेगात एका सेकंदाला सुमारे 85 लिटर पाणी फेकतो. म्हणजे सेकंदाला पाच-सहा हंडे, आणि तेही एकच टायर.

आता हे फेकलेलं पाणी जातं कुठे? मागच्या गाडीवर. मागच्या चालकाला समोर नुसता पांढरा धूर दिसतो. म्हणजे घसरण्याइतकंच न दिसणंही धोक्याचं. पावसात एसटीच्या मागे दुचाकीवर बसलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

मग शर्यतवाले काय करतात? त्यांनी थांबण्याचे नियम करून ठेवले आहेत. पिवळं निशाण म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा, कुणाला ओलांडू नका. धोका वाढला की एक खास गाडी सगळ्यांच्या पुढे हळू चालवतात आणि बाकीच्यांनी रांगेत तिच्या मागे राहायचं. लाल निशाण म्हणजे शर्यत थांबली. हा निर्णय शर्यतीचे अधिकारी घेतात. पहिल्या नंबरवर असलेल्यालाही तो ऐकावाच लागतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार शिकण्यासारखी वाटली. गाड्या सोडण्याआधी ते विचारतात, की अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात कसं पोहोचवायचं? 2020 च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीत एका ट्रॅकवर धुकं दाटलं होतं. गाड्या तयार, चालक तयार, पण रुग्णाला नेणारं हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं. तेवढ्यासाठी त्या दिवशीचा सगळा सराव रद्द केला.

आपल्या देशातही अशी उदाहरणं आहेत. चेन्नई शहरातल्या रस्त्यांवर डिसेंबर 2023 मध्ये मोठी शर्यत ठरली होती. मिचाँग चक्रीवादळ आलं, शहरात पूर आला आणि शर्यत पुढे ढकलली. ती झाली ऑगस्ट 2024 च्या अखेरीस. तेव्हाही पाऊस आला, आणि सुरक्षेची तपासणी पुरी होईपर्यंत गाड्या उभ्या राहिल्या. तिकिटं विकलेली, लोक बसलेले. तरी थांबले.

हे नियम सहज आलेले नाहीत. त्यासाठी माणसं गेली आहेत. 5 ऑक्टोबर 2014 ला जपानमध्ये सुझुका इथे शर्यत होती. वादळ जवळ आलेलं, पाऊस चालू, उजेड कमी. एक गाडी घसरून बाहेर गेली. ती उचलायला क्रेनचा ट्रॅक्टर आला. पिवळी निशाणं हलत होती, पण शर्यत चालूच होती. तेवढ्यात त्याच वळणावर जुल्स बियांकी या फ्रान्सच्या तरुणाची गाडी घसरली आणि थेट त्या ट्रॅक्टरवर आदळली. तो शुद्धीवर आलाच नाही. पुढच्या जुलैमध्ये गेला. वय फक्त 25. चौकशीत निघालं, की पिवळं निशाण असताना त्याने पुरेसा वेग कमी केला नव्हता. पण नुसता चालकावर दोष टाकून ते मोकळे झाले नाहीत. अशा वेळी सगळ्याच गाड्यांना ठरलेल्या कमी वेगात यायला लावायचं, असा नियम 2015 पासून आला.

तरी विसर पडतोच. 2022 मध्ये त्याच सुझुकाला, तशाच पावसात, गाड्या ट्रॅकवर असताना पुन्हा ट्रॅक्टर आत आला. नशिबाने कुणाला काही झालं नाही. पण चालक फार संतापले. बियांकीला ओळखणारे त्यांच्यात होते.

आता एका माणसाची गोष्ट. ऑस्ट्रियाचा निकी लाउडा. 1 ऑगस्ट 1976 ला शर्यतीत त्याच्या गाडीने पेट घेतला. चेहरा भाजला, फुप्फुसात धूर गेला. सहा आठवड्यांत तो पुन्हा गाडीत बसला. म्हणजे भित्रा म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला जपानमध्ये फुजी इथे शेवटची शर्यत. जगज्जेतेपद जवळजवळ हातात. पण मुसळधार पाऊस आणि धुकं. दोन फेऱ्या मारून लाउडाने गाडी आत आणली आणि उतरला. त्याच्या संघातल्यांनी सुचवलं, की इंजिन बिघडलं असं सांगू. तो नाही म्हणाला. या पावसात गाडी चालवणं धोक्याचं आहे म्हणून थांबलो, हेच त्याने सांगितलं. जगज्जेतेपद एका गुणाने गेलं. पुढे तो आणखी दोनदा जगज्जेता झाला आणि 2019 पर्यंत जगला.

ही गोष्ट वाचली आणि आम्हाला आमचाच एक प्रवास आठवला.

श्रावणातली गोष्ट. गटाचा माल पुण्यात एका विक्रीला लावला होता. संध्याकाळी टेम्पोने आम्ही पौडच्या बाजूला परत निघालो. पुढे दोघी, मागे मालाच्या पाट्यांबरोबर नऊ जणी. चांदणी चौक ओलांडला आणि पाऊस असा कोसळायला लागला, की समोरच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसेना. टेम्पोचा वायपर मध्येच अडकत होता. चालक खिडकीतून हात बाहेर काढून काच पुसत होता आणि वेग काही कमी करत नव्हता. आम्ही सगळ्या गप्प. कुणी पदर तोंडाला लावलेला, कुणी देवाचं नाव घेत होतं. बोललं कुणीच नाही.

शेवटी आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजी पुढच्या जाळीवर हात आपटून ओरडल्या, “थांबव रे बाबा, मला चहा पाहिजे!”

तो थांबला. टपरीवर पाऊण तास गेला. पाऊस ओसरला, आम्ही सुखरूप घरी आलो. चहा पिताना तो पोरगा म्हणाला, “मावशी, मलाही काही दिसत नव्हतं. पण रात्री आठला दुसरं भाडं आहे. ते गेलं तर आजचं डिझेलही सुटत नाही.”

आजींनी चहाचं निमित्त केलं, कारण “मला भीती वाटते” म्हटलं तर सगळ्या हसतील असं त्यांना वाटलं. भीती तर आम्हा सगळ्यांनाच वाटत होती. चालकालाही.

प्रत्येक वेळी टपरी जवळ असतेच असं नाही. 11 ऑगस्ट 2025 चा श्रावणी सोमवार तुम्ही विसरला नसाल. खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांचा पिकअप चढावरून मागे आला आणि खाली कोसळला. आपल्या कितीतरी भगिनी गेल्या. दोष कुणाचा, हे ठरवायला आम्ही इथे बसलेलो नाही. पण माल वाहायच्या गाडीत आपण बसतो, आणि बसल्यावर गप्प राहतो, हे आपल्याला माहीत आहे.

आपल्या पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे. 1966 साली स्थापन झालेली. देशातल्या गाड्यांच्या चाचण्या तिथे होतात. भोसरीला सीआयआरटी आहे, तिथे प्रवासी गाड्यांच्या चालकांना प्रशिक्षण मिळतं. गाडी तपासणारे आहेत, चालकाला शिकवणारे आहेत. पण ऐन पावसात ‘आता थांबा’ म्हणणारं माणूस गाडीतच असावं लागतं.

शर्यतीत थांबायचं ठरवणारा माणूस वेगळा असतो आणि तो आधीच नेमलेला असतो. तसं आपणही करू शकतो. आमच्या गटांनी बैठकीत चर्चा करून ठराव केला आणि इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवला. तो असा:

पहिलं, गटाची गाडी ठरवताना टायरची नक्षी, वायपर आणि दिवे दोघींनी स्वतः बघायचे. गोटा टायरची गाडी घ्यायची नाही. मालाच्या गाडीत माल जाईल, बायका एसटीने किंवा जीपने जातील. भाडं थोडं जास्त पडतं, ते खर्चात धरायचं.

दुसरं, निघण्याआधी एक जण नेमायची. तिने थांबा म्हटलं की गाडी थांबणार. का, कशाला, हे नंतर विचारायचं. तिला भित्री म्हणायचं नाही.

तिसरं, पावसामुळे थांबावं लागलं तर चालकाला त्या वेळेचे पैसे द्यायचे, आणि हे भाडं ठरवतानाच त्याला सांगायचं. त्याचं पोट बुडत असेल, तर तो थांबणार कसा?

चौथं, घाटातून जायचं असेल तर रस्ता चालू आहे का ते आधी विचारायचं. वरंधा घाटासारखे रस्ते पावसाळ्यात बंद ठेवावे लागतात. आणि 108 ची रुग्णवाहिका तिथवर कशी येईल, याचाही विचार करायचा.

पाचवं, दुचाकीचं. मागे बसून छत्री उघडायची नाही. ओढणी आणि पदर खोचून घ्यायचा, रेनकोटचा घोळ चाकाकडे जाऊ द्यायचा नाही. हेल्मेट दोघांनी घालायचं आणि त्याचा पट्टा लावायचा. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून फार निसरडं होतं, तेव्हा तर सावकाशच.

ठराव करून झाल्यावर आम्ही आजींना विचारलं, पहिली नेमणूक तुमची करायची का? त्या म्हणाल्या, “करा. पण आता चहा नाही मागणार. सरळ थांब म्हणेन.”

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत पाच मिनिटं या विषयाला द्या. तुमच्या गाडीत थांबा कोण म्हणणार, तिचं नाव वहीत लिहा. बाहेर पाऊस आहे, आज सावकाश जा.

नमस्कार!