काटा आणि हातचा



आजचा विषय ऐकून आमच्या घरातून पहिला प्रश्न आला, "इतकी वर्षं फौजेत काढलीत, आणि बोलणार काय, तर गाडीच्या पेट्रोलच्या काट्यावर?" म्हटलं, हो. लढायांवर बोलणारे पुष्कळ आहेत. काट्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि आपण सगळे त्याच्यावर रोज विश्वास टाकतो.

एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या गाडीचा काटा 'ई'वर टेकला, म्हणजे टाकी रिकामी असं दाखवू लागला, की टाकीत नक्की किती लिटर उरलेलं असतं? इथं बंगळुरात आमच्या सोसायटीत मी आठ-दहा जणांना हे विचारलं. एक म्हणाला, काहीच नाही. दुसरा म्हणाला, पाच लिटर तरी असणारच. एक तरुण म्हणाला, "अंकल, त्यानंतरही पन्नास किलोमीटर आरामात जाते." यांच्यापैकी एकानंही कधी मोजून पाहिलं नव्हतं. आणि यातले तिघं-चौघं रोज इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलावरून कामाला जातात. जवळजवळ दहा किलोमीटरचा पूल आहे तो, 2010 साली सुरू झाला. त्याच्यावर मध्येच गाडी बंद पडली तर मागून भरधाव गाड्या येत असतात. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि दोन-चारदा दाबला की ब्रेकही जड होतो, हेही अनेकांना त्याच वेळी कळतं.

म्हणून आधी हा काटा काय करतो ते पाहू.

पेट्रोल किती आहे हे काटा मोजतच नाही. टाकीत एक तरंगता तुकडा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. तो एका दांडीच्या टोकाला बसवलेला असतो. पेट्रोल वर-खाली झालं की फ्लोट वर-खाली होतो, दांडी फिरते, आणि तिच्या दुसऱ्या टोकाचा स्पर्श विजेला अडवणाऱ्या एका पट्टीवरून सरकतो. त्यामुळे तारेतली वीज कमी-जास्त होते आणि समोरचा काटा हलतो. म्हणजे टाकीतल्या एका जागी पेट्रोलची पातळी किती उंच आहे, एवढंच त्याला कळतं. त्यावरून लिटरचा अंदाज बांधायचा.

आता टाकी जर चौकोनी डबा असती, तर उंची निम्मी म्हणजे पेट्रोल निम्मं, हे बरोबर ठरलं असतं. पण गाडीची टाकी मागच्या सीटखाली, सायलेन्सरचा पाइप आणि इतर भाग चुकवत, जागा मिळेल तशी बसवलेली असते. कुठे फुगलेली, कुठे दबलेली. शिवाय टाकी काठोकाठ भरली की फ्लोट वर छताला टेकतो. त्यानंतर आत गेलेलं पेट्रोल त्याला दिसत नाही. म्हणून टाकी फुल्ल केल्यावर पहिले कितीतरी किलोमीटर काटा हलत नाही आणि आपल्याला वाटतं, वा, काय ॲव्हरेज देतेय गाडी! मग अर्ध्याच्या खाली आला की तोच काटा भराभर उतरतो. गाडीत काही बिघडलेलं नसतं. आधी न दाखवलेला खर्च तो नंतर दाखवतो.

दुसरी गोष्ट, पेट्रोल हिंदकळतं. वळणावर, खड्ड्यात, चढावर फ्लोट नाचतो. काटा तसाच नाचला तर चालवणारा गांगरेल, म्हणून तो मुद्दाम संथ केलेला असतो. जुन्या गाड्यांत तारेनं तापून वाकणारी धातूची पट्टी काट्याला हलवायची, म्हणून किल्ली फिरवल्यावर काटा दमानं वर चढायचा. आताच्या गाड्यांत संगणक काही वेळाची सरासरी काढतो. उतारावर उभ्या केलेल्या गाडीचा काटा वेगळा आणि सपाटीवरचा वेगळा, तो यामुळेच. उष्णतेचाही थोडा हिशेब आहे. एका अंशाला पेट्रोल साधारण हजारात एक भाग फुगतं. 40 लिटरला 20 अंशांचा फरक पडला तर पाऊण लिटरच्या आसपास.

हे सगळं अभियंत्यांना माहीत असतं. म्हणून ते काय करतात? आपल्या भाषेत सांगायचं तर हातचा राखून ठेवतात. काटा तळाशी टेकला तरी टाकीत थोडं पेट्रोल असेल अशी रचना करतात. तसा तो ठेवलाही पाहिजे, कारण आता पेट्रोलच्या बहुतेक गाड्यांचा पंप टाकीतच असतो, आणि भोवतीचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं.

आमच्या पिढीला हा हातचा हातानं ठाऊक होता. चेतकला, बुलेटला पेट्रोलचा कॉक असायचा. गाडी झटके देऊ लागली की हात खाली घालून कॉक रिझर्व्हवर फिरवायचा. तेही संपलं की स्कूटर एका बाजूला आडवी कलती करायची आणि किक मारायची. मग घरापर्यंत नाही, तरी पंपापर्यंत जायची. रिझर्व्हला कधी लागली ते आपल्याला कळायचं, कारण कॉक आपण फिरवलेला असायचा. आता तोच हातचा काट्याच्या पोटात लपलाय. मोठा आहे की छोटा, ते दिसत नाही. आणि न दिसणारा हातचा माणूस खर्च करून टाकतो.

यावर नवीन गाडीवाले म्हणतील, आमच्याकडे काट्याची कटकटच नाही, समोर आकडाच येतो, अजून इतके किलोमीटर जाईल म्हणून. त्या आकड्याची गोष्ट सांगतो.

मागच्या वर्षी कोल्हापूरला सासुरवाडीला गेलो होतो. परतायच्या दिवशी सकाळी सगळे पन्हाळ्याला जाऊन आलो. गड उतरून खाली आलो तेव्हा पडद्यावर आकडा होता 74. बंगळूरच्या रस्त्याला लागायचं होतं. निपाणीपर्यंत सोडायला मेहुणे सोबत होते. ते म्हणाले, "दाजी, हिकडं कशाला टाकताय? कागल गेलं की कर्नाटक. तिकडं स्वस्त हाय." खरंच आहे, सीमेवरचे लोक असंच करतात. पलीकडच्या पंपांवर तर 'महाराष्ट्रापेक्षा पेट्रोल स्वस्त' अशा मराठी पाट्या लावलेल्या असतात. म्हटलं, चला. कागलजवळ आलो. पन्हाळ्याच्या पायथ्यापासून चाळीसेक किलोमीटर झाले असतील. आकडा चौतीस असायला हवा होता. होता 22.

बारा किलोमीटर गेले कुठे? कुठेच गेले नाहीत, ते कधी नव्हतेच. तो आकडा म्हणजे टाकीतला अंदाज गुणिले गेल्या काही किलोमीटरचं ॲव्हरेज. पन्हाळ्यावरून खाली यायचं म्हणजे सुमारे 400 मीटरची उतरण. गाडी जवळजवळ फुकट चालते. संगणकाला वाटलं, हा माणूस फार काटकसरीनं चालवतो, आणि पुढचा सगळा रस्ता उतारच आहे असं धरून त्यानं आकडा दिला. मग शहरातली गर्दी लागली, एसी लागला, आणि आकडा खऱ्यावर आला.

मी कागललाच पेट्रोल टाकलं. मेहुण्यांचं तोंड जरा उतरलं. म्हटलं, लिटरमागे दोन-तीन रुपये वाचतात असं धरा. तीस लिटरला साठ-नव्वद रुपये. मिसळ माझ्याकडून.

बंगळुरात तर किलोमीटरचा हिशेबच कोलमडतो. इथं अंतर वेळेत सांगतात. सिल्क बोर्डच्या चौकात गाडी उभ्या उभ्या पेट्रोल पीत असते. छोटं इंजिन एसी लावून नुसतं चालू ठेवलं तर तासाला लिटरभर जाऊ शकतं, आणि किलोमीटर शून्य.

आता मी या काट्याच्या मागे एवढा का लागलोय, ते सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी कॅप्टन होतो. राजस्थानात वाळवंटात सराव चालू होता. रात्री एका जवानाच्या पोटात असह्य दुखू लागलं. त्याला तीसेक किलोमीटरवरच्या फौजी इस्पितळात न्यायचं होतं. माझ्या हाताशी एक वन-टन गाडी होती. काटा निम्म्यावर. ड्रायव्हर साताऱ्याकडचा. तो म्हणाला, "साहेब, काट्यावर जाऊ नका." मी विचारलं, "कशावरून?" म्हणाला, "परवापासून तिथंच हाय. गाडी एवढी फिरली, हा हललाच नाही." टाकीत काठी घालून बघतो म्हणाला. मी घाईत होतो. म्हटलं, मागे जेरीकॅन आहे ना वीस लिटरचा? चल.

अर्ध्या वाटेवर गाडी थांबली. काटा तसाच निम्म्यावर. फ्लोट अडकलेला होता. मागचा जेरीकॅन उचलला, तर हलका लागला. दोन दिवसांपूर्वी मीच त्यातलं पेट्रोल दुसऱ्या गाडीला द्यायला सांगितलं होतं, आणि काटा निम्म्यावर दिसतोय म्हणून तो परत भरून घेतला नव्हता. कागदावर जेरीकॅन भरलेलाच होता.

दुसरी गाडी येईपर्यंत दोन तास गेले. त्या दोन तासांत तो पोरगा एकदाही मोठ्यानं ओरडला नाही. मी साहेब होतो ना समोर. त्याचं अपेंडिक्स फुटलं होतं. तो वाचला, पण फार दिवस इस्पितळात राहिला. ड्रायव्हर मला पुढे कधीही एका शब्दानं बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या रात्रीनंतर मला एक गोष्ट दिसू लागली. खालचा माणूस मागणी करताना वीस लागत असतील तर पंचवीस सांगतो, वरून कापणार म्हणून. वरचा माणूस ते गृहीत धरून वीसच देतो. प्रत्येक जण हातचा राखतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा हातचा मोजतो. शेवटी साठा नक्की किती आहे, हे कुणालाच ठाऊक नसतं. गाडीच्या काट्याचंही तेच झालंय. कंपनी सावधगिरी म्हणून हातचा ठेवते. आपल्याला ते माहीत आहे, म्हणून आपण तो आधीच खर्चात धरतो.

फक्त काट्यावर अवलंबून राहू नका, असं मी म्हणतोय. पण दुसरी पद्धतही तपासून घ्यावी लागते. 23 जुलै 1983 ला कॅनडात एअर कॅनडाचं बोइंग 767 एडमंटनला निघालं होतं. त्या दिवशी विमानाचे इंधनमापक बंद होते. म्हणून टाक्यांमधली पातळी हातानं मोजली गेली. मोजणी ठीक होती. पण लिटरचं वजन करताना चूक झाली. लिटरला 0.8 किलो धरायच्या जागी 1.77 हा आकडा वापरला, तो पौंडांचा होता. लागणार होतं 22,300 किलो, आणि विमान निघालं त्याच्या निम्म्याहून कमी इंधनावर. 41,000 फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन पिअर्सन यांनी ते विमान ग्लायडरसारखं तरंगत गिमलीच्या जुन्या हवाईतळावर उतरवलं. विमानात 69 माणसं होती. सगळी वाचली.

म्हणजे काटा हा एक साक्षीदार, आणि आपली मोजणी हा दुसरा. दोघांची जबानी जुळली तर पुढे जायचं. जुळली नाही तर थांबून बघायचं. त्या रात्री माझ्याकडे दुसरा साक्षीदार होता, काठी मागत होता. मी त्याचं ऐकलं नाही.

आता घरी करता येईल असं काम देतो. दिवा लागला की त्याच दिवशी सपाट जागेवरच्या पंपावर जा. नळी पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथपर्यंतच भरा. काठोकाठ भरायचं नाही, वाफेला जागा लागते. किती लिटर बसलं ते वहीत लिहा, शेजारी किलोमीटर लिहा. असं तीनदा करा. गाडीच्या पुस्तकात टाकीची क्षमता दिलेली असते, त्यातून हा आकडा वजा केला की दिवा लागताना साधारण किती शिल्लक असतं ते कळेल. तो तुमचा हातचा. डॅशबोर्डवर चिठ्ठी लावा, आणि तो नाही असंच समजून गाडी चालवा.

एक मात्र सांगून ठेवतो. कधी क्षमतेपेक्षा एखादं लिटर जास्त बसलं तर लगेच पंपावरच्या पोराशी भांडू नका. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा टाकीत थोडं जास्त मावतं. शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, ते मागा. तुमच्या समोर भरून दाखवायचा तुमचा हक्क आहे. पाच लिटरला 25 मिलीलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही.

आणि काटा दोन दिवस हललाच नाही, तर खूश होऊ नका. ती बरकत नसते. गाडी मेकॅनिकला दाखवा.

शेवटी एवढंच. शेजारी बसलेला माणूस जर म्हणाला, "साहेब, काट्यावर जाऊ नका," तर दोन मिनिटं गाडी थांबवा. काठी घालून बघायला दोनच मिनिटं लागतात.