रताळ्याला नको, मिश्रीला घाबरा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण)



बचत आणि कर्जफेडीच्या विषयाआधी आज मी दहा मिनिटं मागून घेतली आहेत. कारण तुम्हाला माहीतच आहे, मोबाईलवर फिरणारा तो मेसेज. बटाटा, रताळं, सुरण यांत किरणोत्सर्ग असतो, खाल्लं की कॅन्सर होतो म्हणे. दोन गटांनी मला विचारलं, वेफर्सची ऑर्डर घ्यायची की नाही? एका ताईंनी तर पोराच्या डब्यातलं उकडलेलं रताळं बंद केलं. म्हणजे पोराचं पोषणही गेलं आणि गटाची कमाईही. म्हणून हे नीट समजून घेऊया.

त्या मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे, म्हणून तो पटतो. कंदांमध्ये पोटॅशियम भरपूर असतं. आपल्या स्नायूंना, हृदयाला ते लागतंच. आता निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू किरणोत्सर्गी असतो. पृथ्वी तयार झाली तेव्हापासून तो मातीत आहे. कुणी मुद्दाम फवारलेला नाही. एक किलो बटाट्यात असे सव्वाशेच्या आसपास अणू दर सेकंदाला फुटतात.

आकडा ऐकून दचकलात ना? मग हेही ऐका. इथे बसलेल्या प्रत्येकीच्या अंगात दर सेकंदाला तीन ते चार हजार असे अणू फुटत असतात. आपल्या आजीच्या, पणजीच्या अंगातही फुटत होते. बटाटे जास्त खाल्ले म्हणून हा साठा वाढत नाही. शरीराला हवं तेवढंच पोटॅशियम ते ठेवतं, जास्तीचं लघवीवाटे बाहेर टाकतं. केळं, डाळ, नारळपाणी, सगळ्यात हेच पोटॅशियम आहे. रताळं सोडलं तर मग खायचं काय?

केरळचं उदाहरण सांगते. कोल्लम जिल्ह्यात करुनागपल्ली नावाचा किनारा आहे. तिथल्या वाळूत थोरियम आहे, त्यामुळे तिथला नैसर्गिक किरणोत्सर्ग इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी पट जास्त आहे. तिथली माणसं टॅपिओकाचा कंद माशांबरोबर आवडीने खातात. संशोधकांनी तिथल्या सुमारे ७० हजार माणसांवर सरासरी दहा वर्षं लक्ष ठेवलं. २००९ मध्ये निष्कर्ष छापला. या किरणोत्सर्गामुळे कॅन्सर वाढल्याचं त्यांना दिसलं नाही.

आपला उपवासाचा साबुदाणाही टॅपिओकाच्याच कंदापासून होतो, बराचसा तमिळनाडूतल्या सेलमकडे. तो करताना कंद किसून, पाण्याने धुवून फक्त सत्त्व घेतात. त्यामुळे त्यात पोटॅशियम जवळजवळ उरतच नाही.

मग काळजी कशाची घ्यायची? कंदाला चिकटलेली माती चांगली चोळून धुवा. मातीत जंतू असतात, औषधांचे अंश असतात आणि युरेनियम-थोरियमचे बारीक कणही मातीतच असतात. वेफर्स करणाऱ्या गटांनी तर दोन पाण्यांनी धुवायचंच. हिरवा पडलेला, कोंब फुटलेला बटाटा वापरू नका. त्यात सोलॅनिन नावाचं विष तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. बटाटे अंधारात, हवेशीर जागी ठेवा. घरात किडनीचा पेशंट असेल तर त्याने बटाटा-रताळं किती खायचं ते डॉक्टरांना विचारा. ते किरणांमुळे नाही. बिघडलेल्या किडनीला जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, म्हणून.

आता थोडं कडू बोलते, मी वयाने लहान आहे, रागावू नका. मघाशी किरणोत्सर्गाचं नाव काढल्यावर घाबरलेल्या काही हातांत मिश्रीची डबी होती. तंबाखूच्या पानात पोलोनियम नावाचा किरणोत्सर्गी पदार्थ असतो. तो पोटॅशियमसारखा शरीराच्या गरजेचा मुळीच नाही. शिवाय तंबाखूत कॅन्सर करणारी दुसरी रसायनं आहेत, तोंडाच्या कॅन्सरला मुख्यतः तीच कारण. गरोदरपणी मिश्री लावली तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. रताळ्याने हे कुणाचं केलंय का?

म्हणून माझं मागणं एवढंच. वेफर्सची ऑर्डर घ्या. पोराच्या डब्यात रताळं परत घाला. पुढे मेसेज आला तर ढकलण्याआधी आशाताईंना किंवा मला दाखवा. आणि तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर उपकेंद्रात तपासून घ्या. एकटीला संकोच वाटत असेल तर गटाने मिळून जा, मी बरोबर येते. पुढच्या सभेत कोणकोण तपासून आल्या, ते आपण वहीत लिहू.